कोरड्या काठाचे देणे

पावसाळा ऐन भरात आला की शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीत कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात शिरते. उत्तरेच्या दाराने आत आलेला प्रवाह पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतो आणि त्या दाराशी स्नान घडावे म्हणून लोक लांबून येतात. पाणी वाढताना होतो तो चढता दक्षिणद्वार सोहळा, ओसरताना होतो तो उतरता. पाणी आणखी चढणार असे दिसले की उत्सवमूर्ती नारायणस्वामी मंदिरात नेतात आणि पूजाअर्चा तिथे सुरू राहते. देवाची सोय पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. कधी हलवायचे, कुठे न्यायचे, कोणी न्यायचे, यावर वाद होत नाही. त्याच शिरोळ तालुक्यातल्या माणसांची सोय मात्र प्रत्येक महापुरात नव्याने शोधावी लागते. हा टोमणा देवस्थानाला नाही. पूर येणारच असे धरून चालले तर किती नीट वागता येते, याचा तो नमुनाच आहे. प्रश्न माणसांचा आहे. पुरात सापडलेल्याला कोरड्या काठावरून जे पोचते ते दान असते की देणे?

फरक शब्दाचा नाही, व्यवहाराचा आहे. दानात किती द्यायचे, कधी द्यायचे आणि कोणाला द्यायचे हे देणारा ठरवतो. घेणाऱ्याने हात जोडायचे असतात. देण्यात रक्कम आधी ठरलेली असते, मुदत असते आणि घेणारा ती मागू शकतो, न मिळाल्यास भांडूही शकतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर आणि सांगलीकडे महाराष्ट्रभरातून ट्रकच्या ट्रक आले. त्यात मनापासून दिलेले पुष्कळ होते. पण धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवलेलेही लोकांनी पाहिले, आणि मोफत धान्य मिळण्यासाठी क्षेत्र दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्याखाली असावे अशी अट घालणारा शासननिर्णयही पाहिला. लोक चिडले ते अटीवर किंवा फोटोंवर. माझ्या मते चिडण्याजोगी गोष्ट त्याच्याही मागे होती. मदत ही देणाऱ्याच्या मर्जीची बाब आहे हे एकदा मान्य केले की पाकिटावर नाव छापणे आणि दिवस मोजणे या दोन्ही गोष्टी तर्काला धरूनच होतात. आपल्या मर्जीने देणारा आपले नाव लावणारच.

पूरग्रस्तांना मिळते ते देणे आहे असे म्हणायचे तर आधी ऋण दाखवावे लागेल. त्यासाठी पंचगंगेचा हिशेब पाहू. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येते, कोल्हापूर शहराला वळसा घालते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस आहे, पूर्वेकडे सपाट खोरे. पाणी वेगाने येते आणि सावकाश जाते. एवढे निसर्गाचे. पुढचे आपले. भोगावतीवर राधानगरीचे धरण आहे. त्याचा पाया शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घातला. त्यामागे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांचा चटका होता. त्यानंतर इतर नद्यांवर धरणे झाली, नदीनदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. पावसाळा संपताना त्यांत बर्गे घालायचे, पुढच्या पावसाआधी काढायचे, आणि मधले आठ महिने उसाला पाणी द्यायचे. या पाण्यावर साखर कारखाने उभे राहिले, कारखान्यांवर शाळा, दवाखाने, पतसंस्था आणि राजकारण उभे राहिले. आमदारकीही उसावर पिकते हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. पण उन्हाळ्यासाठी धरण भरून ठेवायचे तर पावसाळ्याच्या मध्यावर त्यात रिकामी जागा ठेवता येत नाही. भरलेल्या धरणावर पुन्हा अतिवृष्टी झाली तर येईल तेवढे पाणी खाली सोडणे भाग पडते. बाराही महिने पाणी मिळण्याचा लाभ संपूर्ण खोऱ्याने वाटून घेतला. ऑगस्टमधला धोका मात्र नदीलगतच्या गावांच्या वाट्याला राहिला. शहर ओढ्यांवर आणि सखल शेतांवर पसरले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ भरावावरून गेला. पुराचे पाणी पूर्वी जिथे ऐसपैस पसरत असे तिथे त्याला दारे मोजून मिळू लागली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा ५५ च्या पुढे.

यात कोणी पाप केले असे मी म्हणत नाही, आणि हा मुद्दा निसटता कामा नये. दुष्काळात माणसे मरू नयेत म्हणून धरण बांधणे हे पुण्याचेच काम. ऊस लावणे हा गुन्हा नाही, महामार्गावरून प्रवास करणे हाही नाही. पण ऋण होण्यासाठी गुन्हा करावा लागत नाही. बँकेतून कर्ज काढून कोणी घर बांधले तर त्यात वाईट काहीच नसते, आणि तरीही हप्ता चुकत नाही. पुराच्या चर्चेत आपण नेहमी दोषी शोधतो. एक जण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवतो, दुसरा बिल्डरकडे, तिसरा पाटबंधारे खात्याकडे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य कारण मानले नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्राचा झालेला संकोच यांवर भर दिला. यावर अजूनही वाद आहे, तो तज्ज्ञांनी खुशाल लढावा. पण दोषी सापडेपर्यंत देणे थांबवायचे असेल तर ते कायमचेच थांबेल, कारण इतक्या हातांनी घडलेल्या गोष्टीत एक दोषी सापडत नसतो. लाभ कोणाला झाला हे मात्र सापडते. ते सातबाऱ्यावर, कारखान्याच्या वजनकाट्यावर आणि महापालिकेच्या बांधकाम परवान्यांत लिहिलेले असते.

पहिला आक्षेप जुना आहे, आणि तो जितका धार्मिक तितकाच सरकारी. पाऊस माणसाने पाडला नाही. जे वरून आले त्याचा हिशेब खालच्यांनी का द्यायचा? १७५५ मध्ये लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले तेव्हा युरोपात हाच वाद पेटला. जग ईश्वराने उत्तम रचले आहे या समजुतीवर व्होल्तेरने हल्ला चढवला. रूसोने त्याला लिहिलेल्या पत्रात वेगळाच मुद्दा काढला. सहा-सहा, सात-सात मजल्यांची हजारो घरे एका जागी निसर्गाने बांधली नव्हती, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाचे शासन म्हटले आणि अस्पृश्यतेला तितकाच विरोध असणाऱ्या रवींद्रनाथांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. रवींद्रनाथांचे बरोबर होते असे मला वाटते, आणि त्याचे कारण फक्त विज्ञानाचे नाही. शिक्षा म्हटले की ती कोणावर पडली हे पाहावे लागते. बिहारमध्ये अस्पृश्यांची घरेही पडलीच. आपत्तीला पापाचे फळ मानणारा विचार शेवटी तिच्यात सापडलेल्याकडेच संशयाने पाहू लागतो.

कर्मविपाकाचा सिद्धांत इथे हमखास पुढे येतो: ज्याचे त्याचे प्रारब्ध. पण आपल्याच परंपरेत त्याला जुने उत्तर आहे. माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच होते का, असे मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारले. बुद्धांनी आठ कारणे सांगितली. पित्त, कफ, वात यांच्याबरोबर ऋतुबदल आणि दुसऱ्याकडून झालेला आघात यांचाही त्यांत समावेश आहे, आणि पूर्वकर्म हे आठांपैकी केवळ एक. जे सगळ्यांना दिसते आहे त्याच्या पलीकडे जाऊन एकच कारण लावू नये, असा त्या संवादाचा रोख आहे. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे हे या गुंत्याचे उत्तम उदाहरण. पाणी ठरावीक पातळीला पोचले की दरवाजा आपोआप उघडतो, उतरले की मिटतो. त्या क्षणी कोणाचे बोट कळीवर नसते, कोणाची सही लागत नाही. म्हणून पाणी सोडले ते देवाने, असे म्हणता येईल का? पातळी किती ठेवायची हे माणसांनी ठरवले, दरवाजा माणसांनी बसवला, आणि त्याच्या खाली कुठवर घरे होऊ द्यायची हेही माणसेच ठरवत आली. पाऊस निसर्गाचा, पण तो कोणाच्या उंबऱ्यात जाईल याची वाट बरीचशी आपण आखलेली.

दानाला कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. उलट दानाची शास्त्रशुद्ध व्याख्या पाहिली तरी निष्कर्ष हाच निघतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाच्या अटी आहेत. देश, काल आणि पात्र पाहून द्यावे. आणि ज्याच्याशी उपकाराची देवघेव नाही अशाला द्यावे. म्हणजे ज्याच्याकडून आपण आधीच काही घेतले आहे त्याला दिलेले दानात बसतच नाही. नदीकाठच्या शेताने आपल्या अंगावर पाणी घेतले म्हणून वरच्या वस्तीत ते तेवढे चढले नाही. काठावरच्या गावाने ऑगस्टचा धोका सोसला म्हणून धरण भरून ठेवता आले आणि मे महिन्यात नळाला पाणी आले. हा उपकार झालेला आहे. त्याची नोंद नाही एवढेच. शतपथ ब्राह्मणात माणूस चार ऋणे घेऊन जन्माला येतो असे म्हटले आहे: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि माणसांचे. पहिल्या तिघांसाठी आपण यज्ञ, अध्ययन आणि श्राद्ध यांची चोख व्यवस्था लावली. चौथे राहिले अतिथीला जेवू घालण्यापुरते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर, मिळालेले परत न देता भोगणाऱ्याला सरळ चोर म्हटले आहे. नित्य पारायण होणाऱ्या घरांतही या शब्दाचा अर्थ पाणीपट्टीपर्यंत पोचलेला दिसत नाही, हे जाता जाता.

हे सारे पोथीतले, असे कोणी म्हणेल. पण महाराष्ट्राने हाच विचार निदान दोनदा कायद्यात बसवून दाखवला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. त्यामागे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांची चिकाटी होती. या कायद्याने खडी फोडणाऱ्या मजुराला मदतीचा याचक न ठेवता कामाचा हक्कदार केले. आणि पैसा कुठून आणला? शहरातल्या पगारदारांकडून, व्यवसाय करातून. पगाराच्या कागदावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ते त्या कराचे. कापले जाताना कोणाला आपण दानशूर असल्याचे वाटत नाही, आणि कोणाचा फोटोही छापत नाहीत. दुसरे उदाहरण धरणग्रस्तांचे. १९७६ च्या पुनर्वसन कायद्याने असे मानले की धरणाचे पाणी ज्याच्या शेतात जाणार त्याने, जमीन ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असल्यास, तिच्यातला हिस्सा धरणात बुडालेल्यासाठी सोडावा. याला बोलीत स्लॅबची जमीन म्हणतात. अंमलबजावणी कशी झाली, वारणा आणि दूधगंगेच्या धरणग्रस्तांना किती वर्षे मोर्चे काढावे लागले, हा वेगळा आणि लाजिरवाणा विषय आहे. पण तत्त्व मान्य झाले: लाभधारक हा देणेकरी असतो. धरणाच्या भिंतीमागे बुडणाऱ्याला जे तत्त्व लागू झाले ते भिंतीच्या पुढे बुडणाऱ्याला का लागू नये, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे आढळलेले नाही.

मिळते ते उत्तर साधारण असे: पूरग्रस्त जाणूनबुजून तिथे राहतो. हा आक्षेप वजनदार आहे, कारण काहींच्या बाबतीत तो खरा आहे. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात ते नियंत्रित आहे. हे माहीत असून भराव टाकून इमारत उठवणारा आणि तिला परवानगी देणारा हे दोघे ऋणको आहेत, धनको नव्हेत. त्यांना भरपाई देऊ नये, त्यांच्याकडून वसूल करावे. पण सगळ्या पूरग्रस्तांना या एका मापाने मोजता येत नाही. कोल्हापुरात पंचगंगा वाढू लागली की आधी पाणी येते ते सुतारवाड्यात. तिथल्या कुटुंबांना गाठोडी बांधून चित्रदुर्ग मठात जावे लागते, ते इतक्या वेळा घडले आहे की वर्तमानपत्रात त्या बातमीला आता चार ओळी पुरतात. कुंभार गल्ल्यांत त्याच सुमारास गणपतीच्या अर्धवट रंगलेल्या मूर्ती माळ्यावर किंवा उंचावरच्या मंडपात हलवाव्या लागतात. कच्च्या मूर्तीला ओल लागली की वर्षाची कमाई गेली. ही माणसे नदीजवळ राहतात ती हौसेने नव्हे. शहरात परवडणारी जागा तेवढीच होती. आणि चिखली तर नदी जिथे जन्मते तिथलेच गाव. १९८९ च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिली गेली, पण गाव काही पुरते हलले नाही. जमीन इकडे, जनावरे इकडे, आणि नव्या ठिकाणी नुसता प्लॉट. शेतकऱ्याने रोज पहाटे धार काढायला कुठून कुठे जायचे याचा विचार न करता केलेल्या पुनर्वसनाला नाकारणे म्हणजे धोका पत्करणे नव्हे. ते पुनर्वसन अपुरे होते एवढाच त्याचा अर्थ.

याहून अवघड आक्षेप असा की पूरग्रस्त स्वतःच लाभधारक आहेत. शिरोळचा शेतकरी काही गरीब बिचारा नाही. त्याच्या उसाला त्याच बंधाऱ्यांचे पाणी मिळते, आणि काळी कसदार जमीनही त्याला पुरांनीच आणून दिली. हे कबूल केले पाहिजे. पण त्यावरून ऋण नाही असे ठरत नाही, ते प्रत्येकाचे वेगवेगळे आहे एवढे ठरते. दहा एकर ऊस असलेल्याच्या खात्यात जमा आणि नावे दोन्ही बाजू आहेत आणि त्याची वजाबाकी होऊ शकते. त्याच्याच शेतात भांगलणीला जाणाऱ्या बाईच्या खात्यात मात्र नावे काहीच नाही. तिचे ना धरण, ना ऊस, ना शेअर. पूर ओसरल्यावर पंचनामा होतो तो हेक्टरांचा आणि भिंतींचा. पाण्याखाली गेलेल्या उसाची भरपाई सातबारा ज्याच्या नावावर त्याला मिळते. तो ऊस कुजल्यामुळे पुढचे कित्येक आठवडे जिची मजुरी बुडाली तिचा रकाना पंचनाम्यात नसतो. भाडेकरूची गतही फारशी वेगळी नाही. सगळ्यांत कमी घेतलेल्याला सगळ्यांत कमी मिळते. दानाच्या चौकटीत ही विसंगती दिसतच नाही, कारण तिथे प्रश्न असतो नुकसान किती झाले एवढाच. कोणी किती घेतले होते हे ऋणाच्या चौकटीतच विचारता येते.

हाच न्याय सीमेपलीकडेही लावावा लागेल, मग तो कोल्हापूरकराला कितीही कडू लागो. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याला आपला विरोध आहे, आणि फुगवट्याची भीती पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याच धरणात बागलकोट शहराचा जुना भाग गेला, आणि आपण सोडलेले पाणी खाली बेळगाव, बागलकोट जिल्ह्यांतल्या गावांत शिरते. आपण नदीच्या खालच्या अंगाला असतो तेव्हा ऋण आठवायचे आणि वरच्या अंगाला असतो तेव्हा निसर्ग, हे चालणार नाही.

शेवटचा आक्षेप हळव्या मनाचा आहे, म्हणून त्याचा आदर करून बोलले पाहिजे. हिशेब मांडला की करुणा आटते. २०१९ मध्ये पोहणारी तरुण पोरे रात्री-अपरात्री पाण्यात उतरली, तालमींनी चुली पेटवल्या. त्यांनी कोणाचे काय देणे लागतो हे विचारले नव्हते. खरे आहे. बुडणाऱ्याला हात देताना हिशेब करणारा माणूस माणूसच नव्हे. पण करुणेची मुदत किती? पाणी असेपर्यंत ती दुथडी वाहते, चिखल काढेपर्यंत टिकते, आणि घराच्या भेगा दिसू लागतात तेव्हा ट्रक परत गेलेले असतात. शिवाय करुणेला साधनांची जोड नसली तर काय होते हे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला दिसले. गावाबाहेर पडू पाहणाऱ्यांची नाव उलटली आणि कित्येक जीव गेले. तिथे उणीव माणुसकीची नव्हती. पुरेशा नावा तिथे आधीपासून असणे हे कोणाचे तरी देणे होते, आणि ते कोणाच्याच वहीत नव्हते. करुणा पहिल्या आठवड्यासाठी आहे. तिसऱ्या वर्षासाठी कायदा लागतो.

आता कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या कर्जावर मोठी योजना आखली गेली आहे आणि पुराचे जादा पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याची कल्पनाही तीत आहे. कर्ज आहे, म्हणजे ते फेडावे लागणार. कोणी फेडायचे हे ठरवण्याची वेळ हीच आहे. सर्वसाधारण तिजोरीतून फेडले तर भांगलणीला जाणारी बाईही काडेपेटीसारख्या किरकोळ खरेदीतही ते फेडत राहील. त्याऐवजी उसाच्या टनामागे थोडा, पूररेषेलगतच्या बांधकाम परवान्यामागे बराच, आणि व्यवसाय करासारखा कोरड्या शहरांतल्या पगारांवर नाममात्र, असा अधिभार बसवता येईल. त्या निधीवर पूरपट्ट्यातल्या प्रत्येक कुटुंबाचा, भाडेकरू आणि मजुरासकट, नावानिशी हक्क लिहिता येईल, तोही पाऊस सुरू होण्याच्या आधी. कारखानदार याला विरोध करतील, बांधकाम व्यावसायिक करतील, आणि पगारदारही कुरकुरतील. कराला विरोध करण्याचा त्यांना अधिकार आहे. फक्त तो करताना, शेजारच्या गावात पाणी भरते तेव्हा धरणाचा, उसाचा आणि रस्त्याचा आपल्याला काहीच लाभ झालेला नाही, हे त्यांना सिद्ध करून दाखवावे लागेल.